गॅसचा टॉर्च : घ्यावा का, आणि घेतला तर कसा वापरावा?



बचत गटांच्या बैठकीत अलीकडे एक प्रश्न हमखास येतो : “साहेब, ती गॅसची गन घरात घ्यावी का?” विचारणाऱ्या भगिनींनी ती बहुधा बाजारच्या दिवशी मटणाच्या दुकानात पाहिलेली असते. बकऱ्याची मुंडी आणि पाये घेतले की दुकानदार निळ्या ज्योतीचा झोत सोडतो आणि थोड्या वेळात केस भाजून माल हातात देतो. हेच काम घरच्या चुलीवर करायचे तर बराच वेळ मोडतो, डोळ्यांत धूर जातो आणि जळक्या केसांचा वास घरभर राहतो. तेव्हा प्रश्न रास्त आहे. फक्त ‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ एवढे सांगून भागणार नाही. हे अवजार कोणते काम करते, कोणते करत नाही, आणि आपल्या कसारा, शहापूर, मुरबाडच्या घरांत त्याचा धोका कोठे आहे, हे आधी नीट समजून घेऊ.

अवजार आहे तरी काय?

गावात टॉर्च म्हटले की बॅटरी समजतात. हा टॉर्च तो नव्हे. यात एक लहान नळी, तिच्यावर चकती किंवा चावी आणि पेटवण्याचे बटण असते. हे डोके गॅसच्या डब्यावर बसवले की नळीतून निळी, टोकदार ज्योत बाहेर पडते. डब्यात ब्युटेन नावाचा गॅस दाबाखाली पातळ करून भरलेला असतो. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या गॅसचाच हा भाऊबंद आहे.

युक्ती जुनीच आहे. आपल्या आजी-आईने वापरलेला पंपाचा स्टोव्ह आठवा. हा प्रायमस जातीचा स्टोव्ह १८९२ साली स्वीडनमध्ये फ्रान्स लिंडक्विस्ट याने तयार केला. रॉकेलची वाफ करायची, ती बारीक भोकातून जोराने सोडायची, तिच्यात भरपूर हवा मिसळायची आणि मग जाळायची. त्यामुळे वातीच्या पिवळ्या, काजळी धरणाऱ्या ज्योतीऐवजी निळी, कडक ज्योत मिळते. टॉर्चमध्ये पंप मारावा लागत नाही, कारण गॅस स्वतःच्याच दाबाने बाहेर येतो. ज्योतीचे तापमान हजार अंश सेल्सिअसच्या वर जाते. एवढी आच बोटाएवढ्या जागेवर पडते, यातच या अवजाराचा गुण आहे आणि दोषही.

वरची आच आणि आतली आच

साऱ्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ती ही : टॉर्च वरून भाजतो, आतून शिजवत नाही.

भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यावर धरली की तिच्यावर तांबूस डाग पडतात आणि खमंग वास सुटतो. पदार्थाचा वरचा थर साधारण १४० अंशांच्या पुढे तापला की त्यातली प्रथिने आणि साखर यांच्यात बदल होऊन हा रंग आणि वास येतो. लुई कामिय माय्यार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली या क्रियेचे वर्णन केले. पण पदार्थाच्या पोटात पाणी असते, आणि पाणी आहे तोवर आतले तापमान शंभर अंशांच्या वर चढत नाही. टॉर्चच्या ज्योतीखाली कातडी क्षणात तांबूस होते, पण आतल्या मांसाला ऊब पोहोचायलाही वेळ मिळत नाही.

वरून चटका देण्याची रीत फ्रान्समध्येही जुनी आहे. १६९१ साली छापलेल्या मासियालो याच्या पाकपुस्तकात दुधा-अंड्याच्या घट्ट पदार्थावर साखर पेरून ती लाल तापवलेल्या लोखंडी फावड्याने जाळायला सांगितले आहे. शहरांतल्या हॉटेलांत आज तेच काम टॉर्चने होते. पण तो पदार्थ आधी शिजवलेला असतो. चटका शेवटी, केवळ वरच्या पापुद्र्यापुरता. आपणही हाच नियम धरावा.

आता यातली गंभीर बाजू. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच शहापूर तालुक्यात वेहळोली येथे बर्ड फ्लूने कोंबड्या मेल्या आणि रोग पसरू नये म्हणून हजारो पक्षी नष्ट करावे लागले, हे अनेकांना आठवत असेल. अशा वेळी ‘मेलेली कोंबडी चांगली भाजून घेतली की काही होत नाही’ असा समज पसरतो. तो साफ चुकीचा आहे. ज्योतीने पिसे जळतात, कातडी भाजते, पण आतल्या रोगजंतूंना धक्का लागत नाही. शिवाय आजारी पक्षी सोलताना आणि साफ करतानाच रोगाचा संसर्ग माणसाला होऊ शकतो. म्हणून आजारी किंवा आपोआप मेलेला पक्षी वा जनावर कापू नये, भाजू नये, खाऊ नये, नाल्यात टाकू नये. एकाएकी दोन-चार कोंबड्या मेल्या तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. निरोगी पक्ष्याचे मांससुद्धा चुलीवर पूर्ण शिजले पाहिजे. सगळीकडे ७० अंशांच्या वर तापले की ते खाण्यास निर्धोक होते. घरची खूण सोपी आहे : रस्सा चांगला उकळलेला असावा आणि हाडाजवळचे मांस गुलाबी राहिलेले नसावे.

कोणत्या कामाला उपयोगी?

पहिले काम गावठी कोंबडीचे. गरम पाण्यात बुडवून पिसे काढली तरी बारीक लव आणि पिसांची खुंटे राहतातच. कोंबडी फाडण्याआधी ती अख्खी असतानाच ज्योत फिरवावी. पंखांखाली, मांडीच्या सांध्यात आणि मानेजवळ लव जास्त असते. ज्योत एका जागी थांबवू नये, भिंतीला चुना देताना कुंचला फिरवतो तशी सारखी फिरवावी. दोन-तीन मिनिटे पुरतात. मग हळद चोळून स्वच्छ धुवावी आणि नंतर फाडावी.

दुसरे काम मुंडी आणि पायांचे. येथे घाई चालत नाही. थोडे भाजावे, सुरीने खरवडावे, पुन्हा भाजावे, पुन्हा खरवडावे. काळा थर राहू देऊ नये. तांबूस भाजलेले चवीला चांगले लागते, पण कोळसा झालेल्या भागात शरीराला अपायकारक द्रव्ये तयार होतात. खुरांच्या फटींत ज्योत पोहोचते, चुलीची आच तेथे नीट पोहोचत नाही. या कामात टॉर्च चुलीपेक्षा सरस आहे, हे मान्य करायला हवे. याच कामासाठी काही ठिकाणी जुने टायर किंवा प्लास्टिक पेटवतात. ते कदापि करू नये. त्या धुरातले विष थेट खाण्यात येते.

तिसरे, किरकोळ काम वरचा रंग आणण्याचे. शिजवून तयार झालेल्या मसाल्याच्या कोंबडीला खमंग डाग द्यायचे असतील, टोमॅटोची किंवा मोठ्या मिरचीची साल काढायची असेल, तर टॉर्च चालतो.

आता न होणारी कामे. वांग्याचे भरीत टॉर्चवर करू नये. साल लगेच काळी पडते आणि आत वांगे कच्चे राहते. भरताला निखाऱ्याची मंद, चहूबाजूंची आच लागते, आणि आपल्या चुलीत ती फुकट आहे. उडदाचा पापड, सुके बोंबील, नाचणीची भाकरी यांनाही निखाराच बरा. बोंबलावर ज्योत धरली की टोके जळतात आणि मधला भाग तसाच राहतो. पावसाळ्यात ओली लाकडे पेटवायला टॉर्च वापरण्याचा मोह होतो. त्यात गॅस फार जातो आणि चुलीत तोंड घालून ज्योत धरावी लागते. त्यापेक्षा ज्येष्ठातच काटक्या आणि गोवऱ्या माळ्यावर कोरड्या ठेवाव्यात.

निवड कशी करावी?

बाजारात तीन प्रकार दिसतात.

पहिला, मुठीत मावणारा लहान टॉर्च. यात लायटरचा गॅस भरावा लागतो. याची ज्योत लहान. साखर जाळायला किंवा मिरचीची साल काढायला बरा, पण कोंबडीला अपुरा आणि मुंडीला निरुपयोगी.

दुसरा, गॅसच्या डब्यावर बसणारा. डब्यात साधारण पाव किलोला थोडा कमी गॅस असतो. घरकामाला हाच योग्य. घेताना चार गोष्टी पाहाव्यात. डोके डब्यावर घट्ट बसते का आणि डुगडुगत नाही ना. ज्योत कमी-जास्त करणारी चावी हाताला हलकी लागते का आणि पूर्ण बंद होते का. नळीचे तोंड पितळी किंवा स्टीलचे आहे का. आणि डब्यावर कंपनीचे नाव-पत्ता, गॅसचे वजन आणि सूचना छापलेल्या आहेत का. गंजलेला, पोचा पडलेला किंवा पुन्हा भरून विकायला ठेवलेला डबा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. हे डबे एकदाच वापरण्यासाठी बनवलेले असतात.

तिसरा, लांब रबरी नळीचा मोठा बर्नर. मटणाच्या दुकानात किंवा स्लॅबवर डांबरी पट्टा चिकटवणाऱ्यांकडे असतो तो. हा घरात आणू नये. घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरला असली नळी जोडणे धोक्याचे आहे. तसेच घरगुती सिलिंडर धंद्याला वापरणे आणि त्यातून दुसऱ्या डब्यात गॅस भरणे, या दोन्ही गोष्टींना कायद्याने बंदी आहे. ‘मोठ्या टाकीतून लहान डबा भरून देतो’ असे कोणी म्हणाले तर लांबूनच नमस्कार करावा. रॉकेलचा किंवा पेट्रोलचा ब्लो लॅम्पही अन्नावर वापरू नये. त्याचा वास आणि न जळलेले तेल पदार्थात उतरते.

घरी आणताना

ही सूचना खास कसारा, खर्डी, आटगाव, आसनगावकरांसाठी. कल्याण-उल्हासनगरच्या बाजारात वस्तू स्वस्त मिळते आणि पिशवीत टाकून लोकलने आणायची आपली सवय आहे. टॉर्चचे डोके लोकलने आणायला हरकत नाही. गॅसचा डबा मात्र गाडीत नेऊ नये. ज्वालाग्राही वस्तू घेऊन रेल्वेने प्रवास करणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याने गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिक्षेची गोष्ट बाजूला ठेवली तरी संध्याकाळच्या खच्चून भरलेल्या डब्यात गॅस फुटला तर काय होईल, याचा विचार करावा. मुरबाडकरांनी एस.टी.च्या बाबतीतही हेच पाळावे. गॅस तालुक्याच्या ठिकाणच्या दुकानातून घ्यावा आणि मोटारसायकलने आणताना उन्हात लटकवून ठेवू नये.

वापरण्याची रीत

एक. हे काम घराबाहेर, मोकळ्या अंगणात करावे. गॅस हवेपेक्षा जड असतो. तो धुरासारखा वर जात नाही, भाताच्या खाचरात पाणी साचावे तसा खोलगट जागी साचून राहतो. बंद खोलीत डबा गळू लागला आणि त्याच खोलीत चूल पेटलेली असली तर भडका उडायला वेळ लागत नाही.

दोन. डोके बसवताना चावी बंद असावी. बसवल्यावर सांध्याला साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले तर डबा गळतो आहे. काडी पेटवून गळती तपासू नये. गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो. तो आला की आधी सगळ्या ज्योती विझवाव्यात आणि डबा उघड्यावर न्यावा.

तीन. मांस लोखंडी तव्यावर किंवा कोरड्या दगडावर ठेवावे. दगड ओला असला तर तापून त्याच्या कपच्या उडतात. प्लास्टिकचे ताट, काच आणि काळ्या मुलाम्याची नॉनस्टिक कढई वापरू नये. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, म्हणून पातळ जर्मनचे ताटही नको.

चार. टॉर्च आधी मोकळ्या हवेत पेटवावा, ज्योत निळी आणि स्थिर झाली की मगच पदार्थाकडे वळवावा. ज्योतीचे टोक पदार्थाला जेमतेम पोहोचेल इतके, म्हणजे नळीपासून चार-सहा बोटे अंतर ठेवावे. ज्योत पिवळी दिसली तर गॅस नीट जळत नाही, आणि तोच वास अन्नाला लागतो.

पाच. पेटवल्यावर डबा उलटा करू नये, एकदम तिरपाही करू नये. उलटा केला की वाफेऐवजी पातळ गॅस नळीत येतो आणि हातभर भडका उठतो. मांस फिरवावे, डबा सरळ ठेवावा.

सहा. थोडा वेळ ज्योत चालली की डबा हाताला गार लागतो. माठातले पाणी झिरपून वाळताना माठ गार होतो, त्यातलाच हा प्रकार : पातळ गॅसची वाफ होताना ती डब्यातली उष्णता घेते. पौषातल्या पहाटे यामुळे ज्योत मंदावते. अशा वेळी डबा चुलीपाशी शेकू नये. पाच मिनिटे थांबावे, ज्योत पुन्हा सुधारते.

सात. साडीचा पदर खोचून घ्यावा, ओढणी काढून ठेवावी, नायलॉनचे कपडे अंगावर नसावेत. मुलांना लांब ठेवावे. काम झाल्यावर नळी दहा-पंधरा मिनिटे तापलेली असते. ती गार झाल्यावर डोके काढून डबा वेगळा, सावलीत, पन्नास अंशांपेक्षा कमी उष्णतेच्या जागी ठेवावा. पत्र्याच्या छपराखालचा माळा उन्हाळ्यात फार तापतो, तेथे तो नको.

आठ. रिकामा डबा चुलीत, होळीत किंवा राबात टाकू नये. तळाशी उरलेला थोडासा गॅसही स्फोटाला पुरतो. राब भाजताना असा डबा पेटला तर समोरच्या माणसाच्या तोंडावर फुटेल.

चैत्र-वैशाखात विशेष जपावे

लग्ने आणि जत्रा उन्हाळ्यात असतात. मुंडी-पाये आणि कोंबडी तेव्हाच जास्त शिजते. नेमक्या त्याच महिन्यांत अंगणाशेजारी पेंढ्याची गंजी उभी असते, गवत वाळून कोळ झालेले असते, कुडाच्या भिंती कोरड्या ठणठणीत असतात आणि दुपारी वारा सुटतो. आणि नेमके त्याच महिन्यांत पाणी नसते. भातसा, तानसा, वैतरणा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे आपल्या उशाला आहेत, तरी आपल्या कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. अशा वेळी हंडाभर पाणी नुसते बाजूला ठेवणे जिवावर येते. तरीही नियम एकच : शेजारी भरलेली बादली नसेल तर टॉर्च पेटवू नये. आग विझवायला धुण्याचे, भांड्यांचे पाणीही चालते. दुसऱ्या भांड्यात थोडे स्वच्छ पाणी मात्र भाजल्यास लागेल म्हणून वेगळे असावे. गंजीपासून आणि कुडापासून किमान दहा-पंधरा पावले दूर, वाऱ्याकडे पाठ करून काम करावे. वारा जोराचा असेल तर काम सकाळी लवकर उरकावे.

भाजले तर

भाजलेल्या जागेवर लगेच साधे, स्वच्छ पाणी वीस मिनिटे सोडावे. पाणी कमी असेल तर तांब्याने थोडे थोडे ओतत राहावे, खाली घमेले ठेवून तेच पाणी पुन्हा वापरले तरी चालेल. बांगड्या, अंगठी सूज येण्याआधी काढाव्यात. तूप, टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ यांतले काहीही लावू नये. कापड चिकटले असेल तर ओढू नये. स्वच्छ सुती कापड सैल गुंडाळावे. चेहरा, हात किंवा सांधा भाजला असेल, किंवा जखम तळहातापेक्षा मोठी असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय गाठावे. घरच्या सिलिंडरचा गॅस गळत असेल तर तक्रारीसाठी १९०६ हा क्रमांक आहे.

मग घ्यावा का?

हिशेब करून पाहावा. एक डबा मोठ्या ज्योतीवर साधारण तास-दीड तास चालतो. एका कोंबडीला तीन मिनिटे धरली तर डब्यात वीस-तीस कोंबड्या होतात. ज्या घरात महिन्या-दोन महिन्यांतून एकदा कोंबडी कापली जाते, त्या घराला टॉर्चची गरज नाही. चुलीत सुकी काटकी पेटवून ज्वाळेवर लव भाजावी, काम तेच होते. मुंडी-पाये आणायचे असतील तर दुकानदाराकडूनच भाजून घ्यावेत, घरी नुसते खरवडून धुवावेत.

ज्या बचत गटाच्या भगिनी पावसाळ्यात विहीगावच्या धबधब्यावर किंवा माळशेज घाटात येणाऱ्या पाहुण्यांना गावठी कोंबडीचे जेवण देतात, त्यांची गोष्ट वेगळी. रविवारी दहा-पंधरा कोंबड्या साफ करायच्या तर टॉर्चने वेळ वाचतो, धुरात वाकून बसणे वाचते आणि माल स्वच्छ दिसतो. अशा गटाने पाच घरांत मिळून एक टॉर्च घ्यावा. तो एकीच्याच ताब्यात असावा, दोघींनी वापरायला नीट शिकून घ्यावे आणि पेटवताना दुसरी बादलीपाशी उभी राहावी.

दुसऱ्याच्या घरी आहे म्हणून आपल्या घरी अवजार आणले तर ते माळ्यावर पडून राहते. यात तर गॅस भरलेला आहे, म्हणून पडून राहिले तरी ते निरुपद्रवी नाही. तुमच्या घरी त्याला नेमाने काम असेल तरच आणा. आणलेत तर ज्योत वरच्या भाजण्यापुरती वापरा, शिजवण्याचे काम चुलीला करू द्या, आणि पेटवण्याआधी बादली भरलेली आहे ना, एवढे पाहून घ्या.